नावातून गळालेलं '@३एक्स'

औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं एक ॲप. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर, दोन्हीकडे चालणारं. दोन्हीकडचा कोड वेगळा, डिझायनर मात्र एकच. नव्या रूपातली आवृत्ती बाहेर पडली आणि तीन तऱ्हांच्या तक्रारी येऊ लागल्या. काही अँड्रॉइड फोनवर ॲप उघडताक्षणी बंद पडत होतं. काही फोनवर औषधांच्या यादीतली 'गोळी घेतली' ही खूण बारकी दिसत होती. वयस्कर वापरकर्त्यांना ती बोटाखाली सापडेना. आणि आयफोनवर घंटेचं बटण अवाढव्य झालं होतं, शिवाय यादीत एका ठिकाणी चित्राची जागा चक्क रिकामी होती.

तिन्ही तक्रारी तीन वेगळ्या माणसांकडे गेल्या. क्रॅश म्हणजे मेमरीचा प्रश्न, बारकी खूण म्हणजे लेआउटचा, रिकामी जागा म्हणजे डेटा लोड न होण्याचा, अशी ज्याची त्याची समजूत. प्रत्येकाने आपापल्या भागात बराच खणून पाहिलं. या आवृत्तीत कोड जवळजवळ बदललेलाच नव्हता, बदलली होती ती चित्रं, हे लक्षात आल्यावर तपास एका जागी आला. ती जागा म्हणजे डिझायनरने पाठवलेला एक झिप फोल्डर.

त्यातल्या पाच फाइली या प्रकरणापुरत्या महत्त्वाच्या. (नावं अर्थातच रोमन लिपीत होती; इथे ती देवनागरीत उतरवली आहेत.) 'वेलकम-बीजी@३एक्स.पीएनजी' हे स्वागताच्या स्क्रीनचं पूर्ण पानभर चित्र, १०८० × १९२० पिक्सेल. 'पिल-टेकन@२एक्स' आणि 'पिल-टेकन@३एक्स' ही गोळी घेतल्याची खूण, अनुक्रमे ४८ आणि ७२ पिक्सेलची. 'बेल-२एक्स' ही घंटा. आणि 'सिरप@२एक्स', ज्यातला पहिला 'एस' कॅपिटल होता. चित्रांमध्ये काहीही खोट नव्हती. सगळी रेखीव, नेमक्या मापाची. घोळ होता तो फक्त नावांत, आणि पुढे त्या नावांचं काय केलं गेलं त्यात.

नाव कुणासाठी असतं

मोबाइलच्या जगात चित्राच्या नावाला दोन वाचक असतात. एक माणूस, ज्याला 'घंटा' म्हटलं की घंटा कळते. दुसरी सिस्टीम, जी त्याच नावातून किंवा फोल्डरच्या नावातून एक प्रश्न सोडवते: या फाइलमधले किती पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचं एक एकक?

हा प्रश्न आला दाट स्क्रीनमुळे. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा स्क्रीनचा आकार आधीच्याच एवढा राहिला, पिक्सेल मात्र ४८० × ३२० वरून ९६० × ६४० झाले. जुनी ॲप्स त्यावर निम्म्या आकारात दिसू नयेत म्हणून ॲपलने मोजमाप 'पॉइंट'मध्ये ठेवलं आणि दुप्पट पिक्सेलच्या चित्राला नावाच्या शेवटी '@२एक्स' लावायची रीत घातली. २०१४ साली आयफोन ६ प्लसबरोबर '@३एक्स' आलं.

अँड्रॉइडने हाच प्रश्न त्याआधी, २००९ च्या १.६ आवृत्तीत, वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. तिथे फाइलचं नाव सगळीकडे एकच, घनता सांगतो फोल्डर. १६० डीपीआय (दर इंचाला १६० ठिपके) ही पायाभूत घनता, तिचा फोल्डर 'ड्रॉएबल-एमडीपीआय'. त्याच्या दीडपट एचडीपीआय (२४०), दुप्पट एक्सएचडीपीआय (३२०), तिप्पट एक्सएक्सएचडीपीआय (४८०), चौपट एक्सएक्सएक्सएचडीपीआय (६४०). आणि ज्या फोल्डरच्या नावात घनता लिहिलेलीच नाही तो नुसता 'ड्रॉएबल'? त्यातलं चित्र सिस्टीम १६० डीपीआयचं धरते. या प्रकरणातला सगळ्यात महागडा भाग या एका गृहीतावर उभा आहे.

एक लाल ओळ आणि तिचं उत्तर

अँड्रॉइडच्या डेव्हलपरने 'वेलकम-बीजी@३एक्स.पीएनजी' प्रकल्पात टाकली आणि बिल्ड, म्हणजे कोड आणि चित्रं जोडून ॲप तयार करण्याची प्रक्रिया, थांबलं. लाल अक्षरांत खुलासा आला की फाइलच्या नावात फक्त लहान लिपीतली रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात. आडवी रेघ चालत नाही, '@' तर नाहीच. अँड्रॉइड प्रत्येक चित्रासाठी कोडमध्ये एक स्थिरांक (कायम ठरलेलं नाव) तयार करतं, त्यामुळे नाव व्हेरिएबलच्या नियमात बसावं लागतं. म्हणूनच नाव अंकाने सुरू करता येत नाही, आणि 'न्यू', 'डिफॉल्ट', 'स्विच' ही जावाची राखीव नावंही देता येत नाहीत. डिझायनर मंडळींना 'न्यू' हे नाव किती प्रिय असतं ते पाहता ही बंदी मला मनापासून आवडते.

डेव्हलपरने काय केलं? आडवी रेघ काढून अंडरस्कोअर घातला, '@३एक्स' पुसून टाकलं, फाइल झाली 'वेलकम_बीजी.पीएनजी'. ती नुसत्या 'ड्रॉएबल' फोल्डरमध्ये ठेवली. बिल्ड हिरवं झालं.

नेमकं इथेच बिनसलं. '@३एक्स' ही त्या फाइलवरची एकमेव खूण होती जी सांगत होती की हे १०८० पिक्सेल म्हणजे ३६० एककं आहेत. अँड्रॉइडला ती खूण नावात नको होती, पण फोल्डरमध्ये हवी होती. चूक दुरुस्त करताना माहितीच फेकली गेली. आणि बिल्डने एकदा आरडाओरडा केल्यावर पुढे कुणी काही बोललं नाही, कारण नाव आता नियमात बसत होतं. बिल्डच्या दृष्टीने १०८० × १९२० एककांचं एक प्रचंड चित्र हीदेखील वैध गोष्ट आहे.

दोघांत नंतर चॅटवर झालेलं बोलणं मी पाहिलं.

"थ्रीएक्स दिलंय की मी. नावातच आहे."

"नावात चालत नाही गं आमच्याकडे. काढावं लागतं."

"काढलंस ते ठीक. मग लिहिलंस कुठे?"

याला उत्तर आलं नाही, आणि डिझायनरचा प्रश्न रास्तच होता.

१० कोटी ४८ लाख बाइटांची वेस

आता क्रॅश. टीमकडच्या एकाही फोनवर तो होत नव्हता, आणि त्यामुळेच तपास लांबला. क्रॅशच्या नोंदीत संदेश होता की कॅनव्हासवर फार मोठा बिटमॅप (मेमरीत पिक्सेलगणिक उलगडलेलं चित्र) काढायचा प्रयत्न झाला, आणि कंसात आकडा: १३२७१०४०० बाइट. प्रत्येक नोंदीत हाच किंवा याच्या आगेमागे आकडा. मेमरी अपुरी पडली असती तर आकडे फोनगणिक वेगळे आले असते. एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो तेव्हा तो कुठल्या तरी गुणाकारातून येत असतो.

गुणाकार असा. फोनची घनता ६४० डीपीआय. चित्र १६० चं धरलेलं. म्हणजे सिस्टीम ते चौपट ताणणार: १०८० चे ४३२०, १९२० चे ७६८०. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. ४३२० × ७६८० × ४ = १३,२७,१०,४००. बरोबर तोच आकडा.

अँड्रॉइडच्या चित्र रेखाटणाऱ्या भागात एका बिटमॅपसाठी सर्वसाधारणपणे १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणजे १०,४८,५७,६०० बाइट. त्यावर गेलात की ॲप बंद. टीमकडचे फोन होते ४२० आणि ४८० डीपीआयचे. ४२० वर चित्र २.६२५ पट ताणलं जातं आणि ५,७१,५३,६०० बाइट घेतं. ४८० वर तिप्पट होऊन ७,४६,४९,६००. दोन्ही अवाच्या सवा, पण मर्यादेच्या आत. ॲप उघडायला किंचित जड वाटे, तेवढंच. कुणी त्याला तक्रार म्हटलं नाही.

खरी मेख ५६० डीपीआयच्या फोनची. तिथे साडेतीन पट: ३७८० × ६७२० × ४ = १०,१६,०६,४००. मर्यादेच्या जेमतेम आत! असे फोन चालायला हवेत, आणि बहुतेक चालतही होते. पण काही तक्रारी नेमक्या त्याच मॉडेलवरून येत होत्या, ज्यावर दुसऱ्यांचं ॲप सुरळीत होतं. उत्तर सापडलं सेटिंगमध्ये. अँड्रॉइड ७.० पासून वापरकर्त्याला 'डिस्प्ले साइझ' मोठी करता येते, आणि ती मोठी केली की सिस्टीम फोनची घनताच वाढवून सांगते. ५६० चा फोन त्या सेटिंगनंतर ६०० च्या पुढे गेला की चित्र मर्यादा ओलांडतं. ६०० वरच हिशोब ११,६६,४०,००० होतो. औषधांच्या आठवणीचं ॲप. सगळं मोठं दिसावं म्हणून ही सेटिंग बदलणारे लोक त्याच्या वापरकर्त्यांत भरपूर असणार हे सांगायला नको. ज्यांच्यासाठी ॲप बनवलं तेच पहिल्यांदा बाहेर फेकले गेले.

इथे एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर हा प्रयोग करून पाहणाऱ्याला क्रॅश दिसणार नाही. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढची आवृत्ती लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपमध्ये चित्र साध्या ड्रॉएबलच्या वाटेने लोड केलं, तर नव्या सिस्टीमवर ते मेमरीत वर ताणलं जात नाही. काढतानाच मोठं करून काढलं जातं. या ॲपमध्ये स्वागताचं चित्र हळूहळू सरकताना दिसावं म्हणून जुन्या कोडने ते 'बिटमॅपफॅक्टरी' या अँड्रॉइडच्या चित्र वाचणाऱ्या भागातून थेट वाचलं होतं. ती वाट अजूनही आधी ताणते आणि मग देते. म्हणजे नुसत्या नावाने क्रॅश झाला असं म्हणणं अपुरं आहे. नावाने बी पेरलं, जुन्या कोडने पाणी घातलं.

दुरुस्ती एका ओळीची: फाइल 'ड्रॉएबल'मधून 'ड्रॉएबल-एक्सएक्सएचडीपीआय'मध्ये हलवली. ४८० च्या फोनवर आता ताणच नाही, ८२,९४,४०० बाइट. ६४० वर १४४० × २५६० × ४, म्हणजे १,४७,४५,६००. आधीच्या एक नवमांश.

एक्स मोजताना

दुसरी तक्रार, बारक्या खुणेची, वाचताना हसू येतं. पण ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिला चूक म्हणण्यापेक्षा सापळा म्हणणं बरं.

'पिल-टेकन@२एक्स' गेली एक्सएचडीपीआय फोल्डरमध्ये. बरोबर. 'पिल-टेकन@३एक्स' गेली एक्सएक्सएक्सएचडीपीआयमध्ये. का? कारण '३एक्स' आणि तीन वेळा 'एक्स'. डोळ्यांना जोडी जुळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तीन एक्सचा फोल्डर चौपटीचा आहे. तिपटीचा फोल्डर दोन एक्सचा.

परिणाम पाहा. खूण २४ एककांची हवी. तिपटीत ती ७२ पिक्सेल, हे डिझायनरने अचूक दिलं. पण चौपटीच्या फोल्डरमध्ये बसल्यावर सिस्टीम ७२ ला ४ ने भागते आणि म्हणते, हे चित्र १८ एककांचं. पाऊण आकार. ३२० डीपीआयच्या फोनवर एक्सएचडीपीआयची फाइल निवडली जाते आणि खूण अगदी बरोबर, २४ ची दिसते. ४२० आणि ४८० च्या फोनसाठी मधला फोल्डर नव्हताच. अशा वेळी अँड्रॉइड लहान चित्र ताणण्यापेक्षा मोठं चित्र आक्रसणं पसंत करतं, म्हणून चौपटीची फाइल उचलतं, आणि खूण १८ ची होते. स्वस्त फोनवर व्यवस्थित, महाग फोनवर बारकी! "माझ्याकडे तर नीट दिसतंय" हे वाक्य या तक्रारीवर किती वेळा लिहिलं गेलं ते मोजण्यात अर्थ नाही. म्हणणारा प्रत्येक जण खरं बोलत होता.

अँड्रॉइडच्या लिंट तपासणीत (ॲप न चालवता चुका शोधणाऱ्या साधनात) यासाठी नियम आहे. एकाच नावाची चित्रं वेगवेगळ्या घनतांत साधारण सारख्याच एककांची भरतात का, ते तो पाहतो. नुसत्या 'ड्रॉएबल'मध्ये पीएनजी ठेवल्यास दुसरा एक नियम टोकतो. हे दोन्ही इशारे या प्रकल्पात उमटले होते. पण इशारे शेकड्यांनी साचलेले. त्या ढिगात हे दोन कुणाच्या नजरेस पडणार? इशारा देणारं यंत्र होतं, ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

आयफोनची बाजू

आयफोनचं ॲप जुनं. ॲपलने २०१३ साली एक्सकोड ५ या ॲप बनवण्याच्या साधनाबरोबर ॲसेट कॅटलॉग (चित्रांचे संच एकत्र ठेवण्याची सोय) आणला, पण इथली बरीच चित्रं त्याच्या आधीच्या पद्धतीने मोकळ्या फाइली म्हणूनच पडून होती. मोकळ्या फाइलींमध्ये नाव हाच एकमेव पुरावा.

'बेल-२एक्स' मध्ये '@' च्या जागी आडवी रेघ. अँड्रॉइडने हे नाव दारातच अडवलं असतं. आयओएसला, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमला, मात्र ते पूर्ण मान्य आहे. त्याच्या लेखी ही 'बेल-२एक्स' नावाची एक वेगळी, एकपटीची फाइल. डेव्हलपरला कोडमध्ये 'बेल' सापडेना, म्हणून त्याने कोडमध्येही 'बेल-२एक्स' लिहिलं. चित्र दिसू लागलं. ४८ पिक्सेल म्हणजे ४८ पॉइंट, हव्या त्या २४ च्या दुप्पट. गंमत अशी की हेच चित्र सेटिंगच्या पानावरही होतं आणि तिथे सगळं ठीक दिसत होतं, कारण तिथे चौकटीचं माप ठरवून दिलेलं होतं. घंटेच्या बटणाला माप दिलेलं नव्हतं. ते चित्राच्या मूळ आकारावरून स्वतःचा आकार ठरवायचं. म्हणून तेवढंच फुगलं.

रिकाम्या जागेची गोष्ट वेगळी. कोड 'सिरप' मागत होता, सगळी अक्षरं लहान लिपीत. फाइलच्या नावात 'एस' कॅपिटल. मॅकची डिस्क सहसा लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, त्यामुळे सिम्युलेटरवर (मॅकवरच्या नकली आयफोनवर) चित्र झळकलं. आयफोन फरक करतो. तिथे फाइल सापडली नाही, कोडला चित्राऐवजी शून्य मिळालं, आणि शून्य दाखवायचं म्हणजे काहीच दाखवायचं नाही. ना क्रॅश, ना नोंद.

डेव्हलपरने कारण ओळखलं, फाइंडरमध्ये फाइलचं नाव लहान लिपीत केलं आणि बदल पाठवला. पुढच्या बिल्डमध्येही जागा रिकामीच. कारण गिटने, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने, बदल पाहिलाच नव्हता! मॅकवर गिट लिपीचा फरक दुर्लक्षायच्या सेटिंगवर चालतं. फक्त लिपी बदलली तर त्याच्या मते फाइल तीच. बिल्ड करणाऱ्या मशीनने गिटच्या भांडारातून फाइल घेतली ती जुन्या, कॅपिटल नावाची. शेवटी गिटच्याच 'एमव्ही' आज्ञेने नाव बदललं तेव्हा ते भांडारात पोचलं.

काय ठरलं

एक प्रस्ताव असा होता की सगळी चित्रं व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या सूत्रांत) न्या, मग घनतेचा प्रश्नच नको. बाजू बळकट आहे. अँड्रॉइड ५.० पासून व्हेक्टर ड्रॉएबल आहेत, आयओएसच्या कॅटलॉगला पीडीएफ आणि अलीकडे एसव्हीजीही चालतं. सपाट आयकॉनसाठी टीमने हा प्रस्ताव स्वीकारला, आणि माझ्या मते तिथे दुसरा पर्याय शोधूही नये. पण स्वागताचं चित्र पोताचं, छायांचं. ते व्हेक्टर करणं म्हणजे हत्ती पिंपात कोंबणं. गोळ्या-बाटल्यांची चित्रंही फोटोवरून काढलेली. तेव्हा पिक्सेलच्या चित्रांसाठी नियम लागणारच होता.

दुसरा प्रस्ताव: सगळ्यात मोठी एकच फाइल 'नोडीपीआय' फोल्डरमध्ये ठेवा आणि माप कोडमध्ये द्या. हा मला आळसाचा वाटतो. त्या फोल्डरमधलं चित्र ताणलं जात नाही हे खरं, पण मग लहान फोनही मोठीच फाइल वाहतो आणि माप चुकण्याची जागा फोल्डरमधून कोडमध्ये सरकते, एवढंच.

ठरलं ते असं. चित्राचं मूळ नाव दोन्ही बाजूंना एकच आणि अँड्रॉइडच्या कडक नियमात बसणारं: लहान लिपी, अंक, अंडरस्कोअर, सुरुवात अक्षराने. दोघांपैकी जो जास्त कडक त्याच्या मापाने शिवलं की दुसऱ्याला आपोआप बसतं. नावाचा क्रम आधी प्रकार, मग वस्तू, मग अवस्था: 'आयसी_पिल_टेकन', 'बीजी_वेलकम'. नावात रंग नाही, कारण रंग बदलतो आणि 'रेड' नावाचं हिरवं चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. नावात आकाराचा आकडाही नाही. रात्रीच्या थीमचं चित्र म्हणून 'नाइट' शेपूटही नाही. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी फोल्डरलाच विशेषण लावता येतं. फक्त विशेषणांचा क्रम ठरलेला आहे, 'ड्रॉएबल-नाइट-एक्सएचडीपीआय' चालतं, उलटं लिहिलं तर बिल्ड अडतं.

घनतेची खूण नावाचा भाग मानायची नाही. ती नावाच्या शेवटी लटकलेली किंवा फोल्डरवर लिहिलेली, पण नेहमी वेगळी आणि कधीही हाताने न पुसण्याची. डिझायनर '@१एक्स', '@२एक्स', '@३एक्स' याच रूपात देणार, आणि एक छोटी स्क्रिप्ट त्या फाइली दोन्ही प्रकल्पांत पोचवणार. एकपट एमडीपीआयमध्ये, दुप्पट एक्सएचडीपीआयमध्ये, तिप्पट एक्सएक्सएचडीपीआयमध्ये. कोणता एक्स कुठे हे आता माणसाच्या डोळ्यांवर नाही. दीडपटीची वेगळी फाइल द्यायची नाही असंही ठरलं. एचडीपीआयचे फोन मोठ्या चित्रावरून आक्रसून घेतात, आणि २५ एककांच्या चित्राचे साडेसदतीस पिक्सेल कसे करायचे हा वाद मिटतो.

स्क्रिप्टमध्ये एक तपासणी आहे ती मला नियमाहूनही मोलाची वाटते. पीएनजी फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटांनंतर चार बाइट रुंदीचे आणि पुढचे चार उंचीचे असतात. चित्र न उघडता स्क्रिप्ट एवढे आठ बाइट वाचते आणि '@२एक्स' ची मापं एकपटीच्या बरोबर दुप्पट, '@३एक्स' ची बरोबर तिप्पट आहेत का ते पाहते. नसेल तर बिल्ड थांबतं. नावावर विश्वास ठेवायचा, पण फाइलच्या पोटात डोकावून. लिंटचे ते दोन नियमही 'इशारा' या श्रेणीतून थेट 'चूक' या श्रेणीत चढवले. जुने शेकडो इशारे आहेत तिथेच राहिले. सगळं एका दमात साफ करायचा हट्ट धरला असता तर हे दोनही झाले नसते.

आयफोनची मोकळी चित्रं ॲसेट कॅटलॉगमध्ये गेली. तिथे कोणती फाइल कोणत्या पटीची हे प्रत्येक संचातल्या 'कंटेंट्स.जेसन' मध्ये लिहिलेलं असतं, आणि फाइलचं नाव निर्णायक राहत नाही. पण चित्र ओढून टाकताना एक्सकोड शेवटच्या '@२एक्स' वरूनच खाना निवडतं, म्हणजे 'बेल-२एक्स' तिथेही एकपटीच्या खान्यात जाऊन बसली असती. कॅटलॉगमुळे आणखी एक लाभ पदरात पडला: ॲप स्टोअर ज्या त्या फोनला त्याच्याच पटीची चित्रं पाठवू शकतं. आणि एक्सकोड १५ पासून कॅटलॉगमधल्या चित्रांची नावं कोडमध्ये स्थिरांक म्हणून मिळतात. तो स्थिरांक वापरताना कोडमध्ये 'सिरप'चा 'एस' चुकला तर ॲप बनणारच नाही.

नावं बदलल्यावर

नावं बदलली आणि अँड्रॉइडवर औषधांची काही चित्रं गायब झाली. बिल्ड हिरवं, लिंट गप्प. इथे सर्व्हर औषधाचा आकार एका शब्दात पाठवायचा, 'राउंड' किंवा 'ओव्हल', आणि ॲप त्याच्यापुढे 'पिल_' जोडून त्या नावाचं चित्र चालू असतानाच शोधायचं. अशा शोधात नाव सापडलं नाही तर अँड्रॉइड ० हा क्रमांक देतं, चूक म्हणून काही दाखवत नाही. नव्या नियमात ती चित्रं 'आयसी_पिल_राउंड' झाली होती, कोड 'पिल_राउंड' शोधत होता. स्थिरांकाने वापरलेली प्रत्येक जागा बिल्डने दाखवली. मजकूर जोडून बनवलेलं नाव बिल्डला दिसूच शकत नाही.

टीमने सर्व्हरचा शब्द आणि चित्राचा स्थिरांक यांची जोडी कोडमध्ये उघडपणे मांडली आणि अनोळखी शब्द आला तर साधी गोल गोळी दाखवायची असं ठरवलं. वापरात नसलेली संसाधनं काढून टाकणाऱ्या साधनालाही त्यामुळे कोणतं चित्र खरोखर लागतं ते कळू लागलं.

चौपटीची, म्हणजे एक्सएक्सएक्सएचडीपीआयची चित्रं द्यायची नाहीत असं ठरलं आहे. ६४० च्या फोनवर तिपटीचं चित्र तिसऱ्या हिश्शाने मोठं होतं, आणि गोळीच्या चित्रात तो फरक कुणाला ओळखता आलेला नाही. अपवाद एकच, ॲपचा स्वतःचा आयकॉन. तो 'मिपमॅप' फोल्डरमध्ये चौपटीपर्यंत, १९२ पिक्सेलचा दिलेला आहे, कारण होम स्क्रीन कधीकधी फोनच्या घनतेपेक्षा मोठा आयकॉन मागते. स्वागताच्या चित्रासाठीही चौपट हवी असा डिझायनरचा आग्रह आहे. त्यावर डिझायनर आणि डेव्हलपर यांचं अजून एकमत झालेलं नाही.